खाते तुमचे, ओझे कुणाचे?

रविवारी सकाळी दाराची बेल वाजली, की निवृत्त माणसाला बरे वाटते. बँकेतून निवृत्त होऊन मला काही वर्षे झाली, तरी आमच्या इमारतीत माझी ओळख अजून ‘बँकवाले काका’ हीच आहे. ठेवीची पावती सापडत नाही, व्याजावर कर का कापला, वारसाचे नाव कसे लावायचे, अशी कामे घेऊन लोक येतात. चहा होतो, गप्पा होतात. माझ्या कादंबऱ्या इमारतीत कुणी वाचल्याचे ऐकिवात नाही, पण पासबुके मात्र माझ्याकडून सगळे वाचून घेतात.

गेल्या पावसाळ्यातल्या अशाच एका रविवारी तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी आले. एस.टी.तून निवृत्त झालेले, शांत स्वभावाचे गृहस्थ. त्यांच्या मागे त्यांचा मुलगा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एरवी जिन्यात भेटला की ‘काका, कसे आहात?’ म्हणून दोन पायऱ्या एकदम चढून जाणारा. त्या दिवशी मान खाली.

“साहेब, पोराचं खातं बँकेनं गोठवलंय,” शेजारी म्हणाले. “शिक्षणकर्जाचा हप्ता त्याच खात्यात येतो. उद्या कॉलेजची फी भरायची आहे. आणि हे बघा, परराज्यातल्या पोलिसांची नोटीस आली आहे.”

मी मुलाला विचारले, “खात्यात तुझे किती होते?”

“साडेतीन हजार, काका.”

“आणि आले किती?”

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “अकरा लाख चाळीस हजार. पण ते माझे नव्हते.”

ते माझे नव्हते! बिचाऱ्याला वाटत होते, हीच आपल्या निर्दोषपणाची साक्ष. आणि त्याच्यावरचा आरोप नेमका हाच होता, की जे पैसे त्याचे नव्हते, ते त्याच्या नावाने आले आणि त्याच्या नावाने गेले.

हकिकत साधी होती. व्यायामशाळेत ओळख झालेल्या एका मित्राने म्हटले, ‘माझ्या खात्याची मर्यादा संपली आहे, ऑनलाइन गेमचे पैसे यायचे आहेत. तुझे खाते पंधरा दिवस वापरायला दे, पाच हजार रुपये देतो.’ याने पासबुक दिले, कार्ड दिले, कार्डाचा पिन दिला आणि खात्याला जोडलेले मोबाईलचे सिमही काढून दिले. का दिलेस, असे विचारल्यावर तो म्हणाला, “नाही कसं म्हणणार, काका? रोज भेटतो तो.”

नोटिशीत तक्रारदाराची माहिती होती. दूरच्या गावातली एक निवृत्त शिक्षिका. फोनवरच्या तोतया पोलीस अधिकाऱ्याने तिला दोन दिवस कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवले होते. ‘तुमच्या नावाने आलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, चौकशीसाठी पैसे सरकारी खात्यात भरा.’ घाबरून तिने निवृत्तीची पुंजी भरली. ते ‘सरकारी खाते’ म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या या मुलाचे बचत खाते. तिथून चाळीस मिनिटांत ती रक्कम नऊ वेगवेगळ्या खात्यांत गेली.

मुलाने ही ओळ तोपर्यंत नीट वाचलेलीच नव्हती. मी मोठ्याने वाचली, तेव्हा त्याचे वडील खिडकीबाहेर पाहू लागले.

* * *

अशा खात्याला पोलीस आणि बँकवाले ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर. पाठीवर मीठ लादले आहे की अफू, हे खेचराला ठाऊक नसते. पण नाक्यावर आधी पकडले जाते ते खेचर. ओझ्याचा धनी मागे कुठेतरी डोंगरात असतो.

चोराला खेचर का लागते, हे समजून घेतले पाहिजे. पूर्वी चोराला चोरलेला पैसा लपवायला पोते पुरत असे. आता पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यातच जातो आणि प्रत्येक खात्यावर कुणाचे तरी नाव, छायाचित्र, आधार आणि पॅन असते. चोराला सगळे चालते, फक्त स्वतःचे नाव चालत नाही. म्हणून तो दुसऱ्याचे नाव भाड्याने घेतो.

काळा पैसा पांढरा करण्याच्या विद्येत तीन पायऱ्या सांगतात. पहिली, गुन्ह्याचा पैसा बँकव्यवहारात आत घालायचा. दुसरी, तो इतक्या खात्यांतून फिरवायचा की माग काढणाऱ्याला भोवळ यावी. तिसरी, शेवटी तो घर, दुकान, दागिने किंवा धंद्याची कमाई म्हणून उजळ माथ्याने बाहेर काढायचा. पहिल्या दोन पायऱ्यांवर खेचरे लागतात, तीही पुष्कळ. कारण एक खाते दोन-चार दिवसांत गोठवले जाते आणि मग नवे शोधावे लागते. मधल्या साखळीतून पैसा एटीएममधून रोखीत निघतो, नाही तर आभासी चलनात बदलून देशाबाहेर जातो. म्यानमार-कंबोडियाच्या बाजूला अशा फसवणुकीची मोठमोठी केंद्रे चालतात. नोकरीच्या आमिषाने तिथे अडकलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. म्हणजे फोन करणाराही कधी कधी कुणाचे तरी खेचरच असतो.

या व्यवहाराचा आकार किती? केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत देशातल्या नागरिकांनी २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले आणि २०२४ मध्ये सुमारे २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. यातला बहुतेक पैसा कुणाच्या ना कुणाच्या खात्यातूनच गेला असणार. ती सगळी खाती काही गुंडांची नसतात. विद्यार्थ्यांची असतात, रोजंदारीवरच्या मजुरांची, भाजीवाल्यांची, घरी बसून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या गृहिणींची असतात.

* * *

त्या मुलाला रागवायला मी तोंड उघडले आणि थांबलो. मला १९८७ साल आठवले.

तेव्हा मी मुंबईच्या एका उपनगरातल्या शाखेत नवा अधिकारी होतो. त्या काळी बँकेत खाते उघडायचे तर जुन्या खातेदाराची ओळख लागे. अर्जावर एक रकाना असे : ‘मी या गृहस्थांना इतक्या वर्षांपासून ओळखतो.’ खाली ओळख देणाऱ्याची सही. मी ज्या खानावळीत जेवत असे, तिथे शेजारच्या पाटावर एक हसतमुख गृहस्थ बसत. आमटी वाढताना ‘साहेबांना आधी’ म्हणत. एके दिवशी ते शाखेत आले. “साहेब, या गावात आपलं कोण आहे? तुम्हीच सही करा.” मी सही केली. ‘इतक्या वर्षांपासून’च्या रकान्यात ‘दोन वर्षे’ लिहिले. प्रत्यक्षात ओळख दोन महिन्यांची होती.

ते दिवस शेअर बाजाराच्या नव्या वेडाचे होते. अर्ज नामंजूर झालेल्या लोकांना कंपन्या टपालाने परताव्याचे धनादेश पाठवीत. टपालातून असा एक धनादेश चोरीला गेला होता. ज्याच्या नावाचा धनादेश, त्याच नावाने आमच्या शाखेत हे खाते उघडले गेले होते. धनादेश वटला, पैसे निघाले, हसतमुख गृहस्थ खानावळीतून नाहीसे झाले. रक्कम अठरा हजार चारशे. मला माझा त्या वेळचा पगार आठवतो, म्हणून ही रक्कमही आठवते.

चौकशी झाली. पोलिसांनी माझा जबाब घेतला. माझा हेतू वाईट नव्हता हे सगळ्यांना पटले, तरी सेवापुस्तिकेत ठपका आला तो आलाच. आमचे शाखाधिकारी जुन्या वळणाचे होते. ते रागावले नाहीत. अर्ज माझ्यापुढे ठेवून एवढेच म्हणाले, “बाबा रे, जेवण वाढ, पैसे उसने दे, पण सही दान करू नकोस. ती परत मागता येत नाही.”

मी लोभाने सही केली नव्हती. मला कुणी पाच पैसेही दिले नव्हते. मी भिडेला बळी पडलो. भीड ही भिकेची बहीण, असे आपले जुने लोक म्हणत. आजही माझा अनुभव हाच आहे, की खाते वापरू देणाऱ्यांत लोभी माणसे असतात तशीच भिडस्तही असतात. चोराला दोन्ही सारखीच उपयोगी पडतात. ‘नाही’ म्हणायला संकोचणारा माणूस तर अधिकच, कारण तो प्रश्न विचारत नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा ही भीड मी काउंटरच्या आतून पाहिली. ज्या खात्यात वर्षभर पाचशे रुपयांच्या वर काही नसे, अशा खात्यात धुणीभांडी करणाऱ्या बायका दोन-दोन लाख भरायला येत. पैसे कुणाचे, असे विचारले की ‘माझेच’ म्हणत आणि डोळे दुसरीकडे वळवीत. मालकाने सांगितले होते. रोज ज्याच्या घरी काम करायचे, त्याला नाही कसे म्हणणार? सुधारलेला बेनामी व्यवहारांचा कायदा त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला लागू झाला होता, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. त्यात एक ते सात वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद आहे, आणि ती पैशाच्या मालकाला आहे तशीच नाव देणाऱ्यालाही आहे.

* * *

आता खेचर शोधण्याच्या रीती बदलल्या आहेत. त्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली रीत मित्राची : ‘माझे खाते बंद आहे, तुझ्या खात्यावर मागवतो, लगेच काढून दे.’ दुसरी नोकरीची. घरबसल्या काम, अनुभवाची गरज नाही, पद ‘पेमेंट एजंट’ किंवा असेच काही भारदस्त. काम एवढेच, की खात्यात आलेले पैसे आपले दोन-तीन टक्के ठेवून पुढे पाठवायचे. विचार करा, ज्याचा व्यवहार सरळ आहे, तो स्वतःच्या खात्यातून फुकट पाठवता येणारे पैसे टक्केवारी देऊन तुमच्या खात्यातून का पाठवील? तिसरी रीत कर्जाची : ‘तुमचे कर्ज मंजूर होईल, पण खात्यात उलाढाल दिसली पाहिजे. आम्ही पैसे फिरवून देतो.’ चौथी अधिक धाडसाची. तुमच्या नावाने छोट्या धंद्याची नोंदणी करून चालू खाते उघडून घ्यायचे, कारण चालू खात्यातली मोठी उलाढाल चटकन डोळ्यांवर येत नाही. पाचवी रीत प्रेमाची. ऑनलाइन ओळख झालेली परदेशातली व्यक्ती लग्नाच्या गोष्टी करते आणि मग ‘माझे थोडे पैसे तुझ्याकडे पाठवते’ म्हणते.

आणि सहावी, सज्जनांसाठी : ‘चुकून तुमच्या खात्यात माझे वीस हजार आले. आईचे ऑपरेशन आहे. या दुसऱ्या नंबरवर लगेच परत पाठवा.’ माणूस गहिवरतो आणि पाठवतो. पैसे खरोखर आलेले असतात, पण ते फोन करणाऱ्याचे असतीलच असे नाही. ते कुणा फसवल्या गेलेल्याचे असले, तर तुम्ही पुढे पाठवताक्षणी साखळीतली एक कडी होता. अशा वेळी स्वतः एक रुपयाही हलवू नये. आपल्या बँकेला लेखी कळवावे, की ही रक्कम माझी नाही, ज्या खात्यातून आली तिथेच बँकेमार्फत परत जावी. त्या अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. खरा चुकलेला माणूस त्याच्या बँकेकडे जाईलच.

बँकेला हे कसे कळते, असे लोक मला विचारतात. ज्या खात्यात महिन्याला दोन-चार हजार येतात, त्यात दुपारी अचानक लाखो रुपये यावेत आणि चहा संपायच्या आत निघून जावेत, हे लपत नाही. पूर्वी आम्ही लेजर चाळताना भुवई उंचावत असू, आता ते काम संगणक करतो. रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच परिपत्रक काढून बँकांना अशा खात्यांबद्दल सावध केले होते. तिच्या बंगळुरूच्या इनोव्हेशन हबने तर खास खेचर-खाती हुडकण्यासाठी ‘म्यूलहंटर’ नावाची प्रणाली तयार केली आहे. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल बँकेला दिल्लीच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे पाठवावा लागतो. आणि एक गोष्ट बाहेर फारशी माहीत नसते. असा अहवाल पाठवल्याचे बँकेने खातेदाराला सांगायचे नसते, तशी कायद्यानेच मनाई आहे. म्हणून काउंटरवरचा ओळखीचा कारकून गप्प राहिला, तर तो उद्धट झाला असे समजू नये.

कायद्याचे म्हणाल, तर काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा २००२ चा कायदा १ जुलै २००५ पासून अमलात आहे. त्याखाली तीन ते सात वर्षांची सक्तमजुरी होऊ शकते आणि जामीनही सहज मिळत नाही. खेचर-खात्याचे प्रत्येक प्रकरण त्या कायद्याखाली जातेच असे नाही. पुष्कळदा फसवणूक आणि कट एवढ्यावर ते थांबते. जाणूनबुजून मदत केली की अजाणता, हा फरकही कायद्याला कळतो. पण तो सिद्ध होईपर्यंत परगावच्या पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या खेपा कुणाला घालाव्या लागतात? ज्याचे नाव खात्यावर आहे त्याला. मित्राचे तर खरे नावही आपल्याला ठाऊक नसते.

* * *

त्या रविवारी मी शेजाऱ्यांना जे सांगितले, तेच इथे लिहितो.

ज्यांचे काही बिघडलेले नाही, त्यांनी आपले पासबुक, कार्ड, पिन, ओटीपी आणि खात्याला जोडलेले सिम यांतले काहीही कुणाच्या हाती देऊ नये. सख्ख्या भावाला पैसे हवे असतील तर आपल्या खात्यातून आपण द्यावेत, खाते देऊ नये. नोकरी बदलल्यावर मागे पडलेली जुनी पगाराची खाती रीतसर अर्ज देऊन बंद करावीत. आपल्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत, हे दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येते. वर्षातून दोनदा पाहावे. मुलगा किंवा मुलगी शिकायला बाहेरगावी निघाली, की आपण ट्रंकेत लाडू-चिवडा भरतो, रस्ता सांभाळून ओलांड म्हणतो. त्यातच हे एक वाक्य घालावे : ‘तुझं खातं कुणाला वापरायला देऊ नकोस, आणि कुणी मागितलं तर बाबा रागावतील म्हणून सांग.’ मुलांना नाही म्हणायला एक निमित्त लागते. ते आपण पुरवावे.

ज्यांच्या हातून चूक झाली आहे, त्यांनी लपवू नये. कार्ड आणि ऑनलाइन व्यवहार ताबडतोब बंद करावेत, बँकेला लेखी कळवावे. मित्राशी झालेले संदेश पुसू नयेत. तेच तुमचे साक्षीदार आहेत. मिळालेले कमिशन खर्च करू नये. १९३० या क्रमांकावर फोन करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर नोंद करावी. आपण फसवले गेलो असू तर हा फोन पहिल्या तासातच करावा, म्हणजे वाटेत असलेला पैसा अडवता येण्याची शक्यता असते. खाते गोठले असेल, तर कोणत्या पोलीस ठाण्याने, कोणत्या तक्रार क्रमांकाखाली, किती रकमेसाठी गोठवले, हे बँकेकडून लेखी मागावे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी. महिलांना आणि ठरावीक मर्यादेच्या आतल्या उत्पन्नाच्या लोकांना तिथे मोफत साहाय्य मिळते. ‘दहा हजार द्या, खाते सोडवून देतो’ म्हणणारा दलाल हा याच नाटकातला पुढचा नट असतो. आणि ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही अटक आपल्या कायद्यात नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगावे.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक आधी बँकेत आणि मग सायबर पोलिसांकडे गेले. शेजाऱ्यांनी मलाही बरोबर यायला सांगितले आणि मी गेलो. मुलाने सगळे सांगितले. व्यायामशाळेतल्या मित्राचा फोन केव्हाच बंद झाला होता. कॉलेजची फी वडिलांनी ठेव मोडून भरली. खाते अजून गोठलेलेच आहे, आणि मुलाला एकदा परराज्यात जाऊन जबाब देऊन यावे लागले. रेल्वेचा तो एकूण अठ्ठावीस तासांचा प्रवास वडिलांनी त्याच्या शेजारी बसून केला.

परत आल्यावर तो एकटाच माझ्याकडे आला. मला वाटले, खाते कधी सुटेल, हे विचारील. त्याने विचारले, “काका, त्या बाईंना त्यांचे पैसे परत मिळाले असतील का?”

थोडे अडवले गेले असतील तर कोर्टाच्या आदेशाने तेवढे मिळू शकतील, असे मी म्हणालो. बाकीच्यांबद्दल काही सांगवेना. तो बसून राहिला. मग खिशातून एक पाकीट काढून त्याने टेबलावर ठेवले. त्यात पाच हजार रुपये होते. सुट्टीत शिकवण्या घेऊन जमवलेले. खाल्लेल्या पैशांची भरपाई. ते कुणाकडे भरायचे, हे त्याला विचारायचे होते.

तपास अधिकाऱ्यांना लेखी विचार, आणि भरलेस तर पावती घे, असे मी सांगितले. त्याने माझ्यासमोरच अर्ज लिहिला, दोनदा वाचला आणि खाली सावकाश, पूर्ण नावाने सही केली.